मायसाठी केलेली सशाची कोशिंबीर

नाना, आज सकाळी मी सशाचं मटण उकडलं, गार होऊ दिलं आणि दुपारी त्याची कोशिंबीर कालवली. तुम्ही मायसाठी करायचात तशी. महिनाभरात ही सहावी-सातवी वेळ असेल. पहिल्या दोन वेळा मी चाचपडत होते. काकडी आधी की कांदा आधी, लिंबू कधी पिळायचं, हे आठवून आठवून करत होते. आज हात आपोआप चालला. तसा तो चालला म्हणूनच बहुतेक, यांच्या पुढ्यात वाटी ठेवून मी परत स्वयंपाकघरात आले आणि ही वही घेऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. तुमच्या हयातीत मी तुम्हाला एकच पत्र लिहिलं होतं, धुळ्याच्या हॉस्टेलवरून, जाड चादर पाठवा म्हणून. तुम्ही ती पाठवली नाहीत, घेऊन स्वतःच आलात आणि फाटकातूनच परत गेलात, साक्रीची गाडी चुकू नये म्हणून. तेव्हा मी तुमच्याशी नीट बोलत नव्हते. ते का, हे तुम्हाला माहीत होतं असं तुम्हाला वाटायचं. अर्धंच माहीत होतं.

आधी यांचं सांगते. तुमचे जावई पाइपच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं मशीनवर उभे राहिले, आणि त्या सत्तावीस वर्षांत तापाच्या गोळीपलीकडे त्यांनी औषध घेतलं नव्हतं. दिवाळीनंतर पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आतड्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. आता दर तीन आठवड्यांनी इथे जळगावलाच दवाखान्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत सलाईन लावून बसवतात. पहिल्या किमोनंतर चार दिवसांनी कुकरची शिट्टी झाली आणि हे पलंगावरून उठून गॅलरीत गेले. परत आलेच नाहीत. मी बघायला गेले तर तोंडावर टॉवेल दाबून कठड्याला टेकले होते. तेव्हापासून फोडणीचा वास नको, भाकरीचा नको, चहाचा नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन उतरता कामा नये, अंडी द्या, चिकन द्या, काहीही द्या पण पोटात जाऊ द्या. मी सूप केलं, अंडी उकडली, खिमा केला. वाटी खोलीत न्यायच्या आत हे मान फिरवायचे. एका दुपारी तसंच परत आणलेलं चिकन मी ओट्यावर ठेवलं आणि तुमचा आवाज अगदी कानाशी आल्यासारखा आठवला. ‘वास वाफमा ऱ्हास, मटणमा नही.’ वास वाफेत असतो, मटणात नसतो. साक्रीच्या आपल्या घरात चुलीपुढे उकिडवे बसून तुम्ही हे मायला सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिला गार जेवण दिलं होतं.

चिकन गार करून दिलं तर यांनी दोन घास खाल्ले, पण फार चिवट लागतं म्हणाले. मग मी ससे कुठे मिळतात याची चौकशी सुरू केली. आता घरी कोणी पाळत नाही. शेवटी फोनवरून फोन लावत पारोळ्याच्या अलीकडे एक बाई शेडमध्ये ससे पाळते असं कळलं. एसटीनं गेले. धुळ्याच्या रस्त्याला फाट्यावर उतरून थोडं चाललं की कपाशीच्या शेताकडेला ती पत्र्याची शेड आहे. आत पाय टाकला आणि मी तिथेच थांबले. लसूणघासाचा ओला वास, त्यात सशांच्या मुताचा तो नाकात बसणारा वास. पस्तीस वर्षांत हा वास मी कुठे घेतला नव्हता. त्या बाईनं मला बघितलं आणि विचारलं, ‘पाळाले का खावाले?’ मी पदर सावरला. मग म्हटलं, ‘घर आजारी माणूस शे.’ ‘मग कवळा देते,’ म्हणाली, आणि मला बाहेर कडुनिंबाखाली खुर्ची दिली. मी शेडकडे पाठ करून बसले. स्टीलच्या डब्यात बर्फ घालून तिनं मटण दिलं, आणि तो डबा मांडीवर घेऊन मी जळगावला येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते, पण दिसत होतं ते आपलं परसच.

तुम्ही साक्रीच्या जनावरांच्या दवाखान्यात होतात. बैलांच्या जखमा धुवायच्या, अडलेल्या म्हशी सोडवायच्या, डॉक्टर नसले की लोक तुम्हालाच घेऊन जायचे. घरी यायचात तेव्हा अंगाला फिनाईलचा वास असायचा. एका वर्षी कुठल्याशा प्रशिक्षणाला गेलात आणि येताना टोपलीत सशांची जोडी घेऊन आलात. पांढरे, लाल डोळ्यांचे. अर्धी गल्ली बघायला आली होती. परसात बांबू आणि जाळी लावून तुम्ही पिंजरे केलेत, जमिनीपासून कमरेएवढे उंच, म्हणजे लेंड्या खाली पडतील आणि साप वर जाणार नाही. वर्षभरात पंधरा-सोळा ससे झाले. रविवारी त्यातला एखादा तुम्ही स्वतःच शिजवायचात, बाहेर तीन दगडांच्या चुलीवर. माय ते शिजवायची नाही, पण खायची, आणि खाताना ‘तुमना हातले चव शे’ असं म्हणायची. तुम्ही ऐकलंच नाही असं दाखवायचात.

त्यातल्या एका वेतात एक पिल्लू मागच्या पायानं अधू निघालं. आई त्याला पाजेना. तुम्ही ते तळहातावर घेऊन घरात आलात आणि माझ्या ओंजळीत ठेवलंत. ‘हाऊ तुले. वाचना तर वाचना.’ वाचला तर वाचला, असं. मी तेव्हा बारा वर्षांची. कापसाच्या वातीनं दूध पाजून पाजून मी ते वाचवलं. ते वाढलं, चांगलं धष्टपुष्ट झालं, लंगडत माझ्यामागे ओसरीभर फिरायचं. मी त्याला नाव ठेवलं. तुम्ही ते एकदा ऐकलंत आणि जेवता जेवता हात थांबवून म्हणालात, ‘खावाना जनावरले नाव ठेवानं नही.’ आवाज चढवला नव्हता तुम्ही, पण मला ते फार लागलं. मग ते नाव मी फक्त मायच्या कानात सांगितलं. ती हसली आणि तेव्हापासून तुम्ही घरात नसलात की त्याला नावानं हाक मारून कोबीची पानं घालायची.

मायच्या पोटात गाठ आहे हे कळलं तेव्हा मी सातवीत होते. तुम्ही तिला धुळ्याला न्यायचात, दोन-दोन दिवस तिथे ठेवायचात आणि परत आणायचात. परत आली की तिला कसलाच वास चालायचा नाही. ती चुलीपासून दूर, पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसायची आणि तिचे गाल आत जात चालले होते. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेल-तिखट नको, हलकं मटण द्या. तेव्हा तुम्ही ती कोशिंबीर सुरू केलीत. मी दारात उभी राहून बघायचे. तुम्ही मटण आल्याचा तुकडा, चिमूटभर हळद आणि मीठ घालून मंद आचेवर इतकं शिजवायचात की हाडाला नुसता धक्का लावला तरी ते सुटायचं. मग पातेलं खाली उतरवून, मटण त्याच पाण्यात गार होऊ द्यायचात. बाहेर काढून ठेवलं तर ते कोरडं पडतं, हे तुम्ही मला सांगितलं होतं. गार झालं की एकेक तुकडा बोटांनी दाबून बघायचात. सशाची हाडं बारीक आणि टोकदार. एक जरी तोंडात गेलं तरी ती पुन्हा घास घेणार नाही, याची तुम्हाला भीती. तंतू वेगळे करायला तुम्हाला अर्धा तास लागायचा. काकडी उकळत्या पाण्यात बुडवून मग सोलायची, बिया काढून बारीक चिरायची. कांदा तीन पाण्यांतून धुवायचा, म्हणजे उग्रपणा जातो. भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट, कोथिंबीर, अर्धं लिंबू, आणि शेवटी त्या गार पाण्याचे दोन चमचे, म्हणजे घास घशाखाली सरकतो. फोडणी नाही. हे सगळं काचेच्या वाटीत, कारण तिला ती वाटी आवडायची.

पहिल्या दिवशी वाटी तिच्यासमोर ठेवून तुम्ही उंबऱ्यावर जाऊन बसलात, तिच्याकडे पाठ करून. तिला कोणी बघत असलं की ती खात नसे. तुम्ही बाहेर रस्त्याकडे बघत बसलात आणि मी तुमच्याकडे. चमचा वाटीच्या तळाला लागल्याचा आवाज आला तेव्हा तुम्ही वळलात. तुमचा चेहरा तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्यानंतर दोन महिने ती रोज एवढंच खायची, पण खायची. गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, रंग सुधारला. तुम्ही एक एक ससा घेत गेलात. त्यातच वैशाखात उन्हानं चार-पाच मेले, ओली पोती बांधूनही मेले. पिंजरे रिकामे होत गेले. शेवटी पहिली जोडी उरली आणि माझा तो लंगडा.

एका दुपारी मी बाहेरून खेळून आले तर तुम्ही ओसरीवर उभे होतात. माझी वाट बघत उभे होतात, हे मला आता कळतं. तुम्ही मला बसवलं नाहीत, जवळ घेतलं नाहीत. सरळ सांगितलंत, ‘तुना ससा लिधा मी. तुनी मायले पाहिजे व्हता.’ लिधा, म्हणजे घेतला. जोडी ठेवली होती, कारण त्यांना पिल्लं झाली असती तर मायला पुढे पुरली असती. हा हिशोब तुम्ही मला समजावलात. तो बरोबर होता. मी घरात जाऊन कोपऱ्यात तोंड करून बसले. त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलणं सोडलं. आणि त्याच दिवसापासून मायनं ती कोशिंबीर सोडली. एवढं तुम्हाला माहीत होतं. दोन्ही एकाच दिवशी झालं हे तुमच्या लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वाटी आणलीत तेव्हा माय म्हणाली, खारट लागतं. तुम्ही मीठ कमी केलंत. ती म्हणाली, चव नाही. तुम्ही लिंबू वाढवलंत, मग दही घालून बघितलंत, मग काकडीच्या जागी मुळा. ती वाटीला हात लावायची, चमचा उचलायची आणि ठेवून द्यायची. ‘मन नही व्हत,’ म्हणायची. तुम्ही कधी रागावला नाहीत. वाटी उचलून आत जायचात, ओट्यापाशी उभे राहून त्यातला एक घास स्वतः खायचात आणि बराच वेळ चघळत राहायचात. सहा आठवडे हे चाललं. ती जोडीही संपली. श्रावण लागायच्या आधी एका सकाळी माय गेली, झोपेतच, तुम्ही तिच्यासाठी पाणी तापवत होतात तेव्हा. दहाव्यानंतर तुम्ही पिंजरे मोडलेत आणि जाळी गुंडाळून माळ्यावर टाकलीत. त्यानंतर तुम्ही घरात मटण शिजवल्याचं मला आठवत नाही.

पुढे मी धुळ्याला शिकायला गेले, लग्न होऊन जळगावला आले. तुम्ही दर वर्षी पौषात यायचात, तीन दिवस राहायचात. शेवटच्या वेळी आलात तेव्हा याच स्टुलावर बसला होतात. मी खाली बसून मेथी निवडत होते. हे कामावर गेले होते. मेथीच्या जुडीकडे बघत तुम्ही म्हणालात, ‘तुनी मायनी का सोडं व्हई खाणं? मना हातथून मीठ जास्त पडे का व, माय?’ मलाही तुम्ही मायच म्हणायचात.

एकवीस वर्षं झाली होती, नाना. एकवीस वर्षं तुम्ही हे मनात धरून होतात आणि मला वाटत होतं की तुम्ही विसरलात. माझ्या हातात मेथीची काडी होती. ती मी मोडली आणि म्हटलं, ‘मला आठवत नाही, नाना.’

‘व्हय,’ तुम्ही म्हणालात. ‘जुनी गोट शे.’

मी चहा ठेवला. तुम्ही बशीत ओतून प्यालात, बस कितीची आहे ते विचारलंत. चैत्रात तुम्ही गेलात.

आता मला यांच्याबद्दल पुन्हा थोडं सांगायचं आहे, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. पारोळ्याहून आणलेलं ते मटण मी तुमच्या पद्धतीनं केलं आणि यांना सरळ सांगितलं, सशाचं आहे. ‘ससे मिळतात का अजून?’ एवढंच म्हणाले आणि खाल्लं. सगळं खाल्लं. ‘कोणी शिकवलं तुला?’ म्हणाले. मी म्हटलं, नानांनी. मी आत येऊन नळ सोडून रडले. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा खाल्लं. दुसऱ्या किमोनंतर चौथ्या वेळी मी वाटी नेली, यांनी एक घास घेतला आणि वाटी बाजूला सरकवली. काय झालं म्हटलं तर, ‘काही नाही, नको वाटतं.’ दुसऱ्या दिवशी तेच. मी वाटी घेऊन ओट्यापाशी आले आणि चव बघायला लागले. मीठ बघितलं. लिंबू बघितलं. काकडी कडू निघाली का बघितलं. एखादं हाड राहिलं का म्हणून सगळं बोटांनी चिवडलं. आणि तेव्हा मला कळलं की मी कोणासारखी उभी आहे. आपण केलेलं आपल्या माणसानं सरकवून द्यावं आणि का ते सांगू नये, म्हणजे काय असतं, हे मला चव्वेचाळिसाव्या नव्हे, सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं, नाना. वयाचाही आता गोंधळ होतो. मला ते दोन दिवसांपलीकडे सोसलं नाही. तिसऱ्या दिवशी मी यांच्या पलंगाशी बसले आणि म्हटलं, जे असेल ते सांगा, मला वाईट वाटणार नाही, पण सांगा.

हे लाजले. मग म्हणाले, ‘चमचा गं. तोंडात घातला की लोखंड चोखल्यासारखं होतं. तुझ्या करण्यात काही नाही.’

मी समोरच्या दुकानातून लाकडी चमचे आणले. यांनी वाटी संपवली. कारण कळलं आणि दहा मिनिटांत काम झालं. नंतर नर्सबाई म्हणाल्या, या औषधांनी असं पुष्कळांना होतं. मी हो हो म्हटलं, पण माझं लक्ष नव्हतं. मी तुमच्या सहा आठवड्यांचा विचार करत होते.

तर आता सांगते. माझा ससा घेतलात त्या दिवशी संध्याकाळी तुम्हाला बोलवायला आले होते, कोणाची तरी म्हैस अडली होती. तुम्ही कोशिंबीर कालवून मायसमोर ठेवलीत आणि गेलात. मी कोपऱ्यातून उठले. माय खात होती. दोन-तीन घास खाल्ले होते तिनं. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘का व, तोंड का उतरेल शे?’ मी तिला सांगितलं, तू काय खातेस माहीत आहे का, आणि त्याचं नाव घेतलं. जे फक्त तिला आणि मला माहीत होतं ते.

तिचा हात तिथेच थांबला. तिनं विचारलं, ‘त्यासनी तुले इचारं नही?’

‘नाही,’ मी म्हटलं.

तिनं वाटी खाली ठेवली, अगदी हळू, जमिनीला आवाज होऊ न देता. मला जवळ घेतलं. तिच्या हाताला नुसती हाडं लागत होती. मी रडले, ती रडली नाही. मग म्हणाली, ‘तू माले सांगं, हाई त्यासले सांगू नको. त्यासले लागी.’ मी तिला सांगितलं हे तुम्हाला कळू नये, तुम्हाला लागेल म्हणून. ती तुमच्यावर रागावली नव्हती, नाना. हे मला नीट सांगायचं आहे. तिला फक्त ते गिळता येईना. जोडीतलं मटण आणलंत तेव्हाही तिला तेच दिसत असणार. आणि खरं कारण सांगितलं तर एकतर तुम्हाला लागेल, नाहीतर मला रागावाल, म्हणून तिनं मिठावर ढकललं. तिला वाटलं असेल, मिठाचं काय, माणूस विसरून जाईल.

मी सांगितलं ते दुःखानं सांगितलं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. ते खरं नाही. तुम्ही घरात नाही हे बघून मी उठले होते. तुम्ही आलात की तुम्हाला वाटी भरलेली दिसावी, हे मला हवं होतं. ती वाटी एकदाच भरलेली राहील असं वाटलं होतं. पुढे रोजच राहील, हे मला माहीत नव्हतं.

आणि यापेक्षा अवघड आहे ते हे. आठ-दहा दिवसांनी तुम्ही मला चुलीपाशी हाक मारलीत. मी बोलत नव्हते तरी आले. तुम्ही चमच्यात थोडीशी कोशिंबीर घेऊन माझ्यापुढे धरलीत आणि म्हणालात, ‘चाखी दख माय, खारट शे का? माले काई समजत नही आते.’ मला काहीच समजत नाही आता, असं तुम्ही बारा वर्षांच्या मुलीला म्हणालात. मी चाखली. मान हलवली आणि म्हटलं, ‘हो, खारट आहे.’ इतक्या दिवसांत मी तुमच्याशी बोललेले ते पहिले शब्द. तुम्ही लगेच पातेल्यात पाणी ओतलंत.

खारट नव्हती. मीठ बरोबर होतं. त्या दिवशीही बरोबर होतं आणि त्याच्या आधीही. मेथी निवडताना तुम्ही विचारलंत तेव्हा हे एवढंच सांगायचं होतं, बाकीचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. काडी मोडण्याऐवजी मान वर करून म्हणायचं होतं, नाही हो नाना, मीठ बरोबर होतं. तुम्ही तेवढ्यावर सुखानं चहा प्यायला असतात.

डॉक्टरीणबाईंना मी एकदा मायचं सगळं सांगून विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हाच्या औषधांत आणि त्या अवस्थेत सहा आठवडे जास्त खाल्लं असतं तरी फरक पडला नसता. चांगुलपणानं म्हणाल्या असतील किंवा खरंही असेल. मायच्या बाबतीत मी ते मान्य केलं आहे. तुमच्या बाबतीत त्याचा काही उपयोग होत नाही.

यांचं वजन मागच्या वेळी किलोभर वाढलं होतं. अजून तीन सलाईन राहिलीत, मग पुन्हा फोटो काढतील, मग काय ते कळेल. मी रोजचं रोज बघते.

हे कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही. साक्रीचं घरही आता आपलं नाही. कोणाला वाचून दाखवावं असं एकच माणूस आहे, आणि ते आत्ता रिकामी वाटी घेऊन दारात येऊन उभे राहिलेत. ‘इतका वेळ काय लिहितेस?’ म्हणाले. मी वहीवर हात ठेवला आणि म्हटलं, किराण्याची यादी.

‘चहापत्ती लिही मग,’ म्हणाले. ‘आज चहाचा वास बरा वाटला मला.’

ते बघतायत, म्हणून लिहिते.

चहापत्ती, पाव किलो.